उंबऱ्याबाहेरच्या बाईसाहेब

“या की आत. उनात काय उभ्या?”

आंबेघाटच्या नरसिंहाच्या देवळात माझ्या कानांवर पडलेले पहिले शब्द हे. म्हणणारी म्हातारी सभामंडपाच्या दाराशी, चपलांच्या ढिगाला लागून असलेल्या शेवटच्या खांबाला टेकून बसली होती. अंगावर विटकं हिरवं लुगडं, शेजारी पाण्याचा तांब्या. एसटीच्या फाट्यापासून दीड मैल मी चालत आले होते आणि वैशाखातल्या साडेतीनच्या उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली होती.

“कीर्तनकार बुवा कुठं भेटतील हो?”

“मागल्या ओवरीत. पगडी बांधत्यात.” तिनं तांब्या पुढं केला. “पर आदी पानी प्या. बुवा कुटं पळून जात न्हाईत. भांडायला आलाय जनू?”

मी दचकले. भांडायलाच आले होते.

त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा पुण्यात लेखिका म्हणून माझ्या नावाला थोडं वजन होतं. ‘चांदवणचा दरबार’ या कादंबरीचे चार खंड निघाले होते. त्यात सगळा सरदार-दरकदारांचा, जहागीरदारांच्या घरचा कारभार. भरजरी शालू, चांदीचे चौरंग, आणि पदराआडून मारलेले टोमणे. चांदवण संस्थान नकाशावर शोधायला जाऊ नका, ते माझ्या डोक्यात होतं. पण लोकांना ते इतकं खरं वाटायचं की एका गृहस्थांनी तिथलं जवळचं रेल्वे स्टेशन कुठलं, असं मला विचारलं होतं.

चौथ्या खंडाच्या शेवटच्या पानावर माझी नायिका, चांदवणच्या थोरल्या सूनबाई उमाबाईसाहेब, बारा वर्षांनी राजवाड्याच्या दारात येऊन उभ्या राहतात. सासरच्यांनी त्यांना बाहेर काढलेलं असतं. दार उघडं आहे, पण आतून कुणी ‘या’ म्हणत नाही. तिथं खंड संपतो.

आणि तिथंच मीही संपले होते. दोन वर्षं झाली, पाचवा खंड होत नव्हता.

अडचण मीच करून ठेवली होती. चांदवणच्या राजवाड्याची एक रीत मी पहिल्या खंडात घालून दिली होती. घरच्या बाईला असो की पाहुणीला, आतल्या बायकांत जिचा मान पहिला तिनं ‘या’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. दुसऱ्या कुणी म्हणावं, तर ते बोलावणं नसून अपमान. आता मान थोरल्या आईसाहेबांचा, म्हणजे उमाबाईंच्या सासूबाईंचा; आणि त्यांना चौथ्या खंडात अर्धांगवायूनं आडवं पाडून त्यांची वाचा मी घालवली होती. जिनं म्हणायचं तिला बोलता येईना, जिला बोलता येतं तिला मान नाही. गाठ मोठ्या हौसेनं मारली, आणि मग ती मलाच सुटेना.

शेवट लिहिले नाहीत असं नाही. एकात बाईसाहेबांना वरच्या सरकारचा हुकूम आणून, हत्तीवरून वाजतगाजत आत नेलं. आमचे प्रकाशक लिमये खूश. मी तो फाडला. दुसऱ्यात त्यांना उंबऱ्यावरच प्राण सोडायला लावला. रात्रभर रडले, आणि सकाळी तोही फाडला.

अशात आंबेघाटहून कार्डं येऊ लागली. पहिली तर मी न वाचताच बाजूला टाकली होती. शेवटचं वाचलं. वर ‘श्रीनरसिंह प्रसन्न’, आणि खाली:

‘सौ. शरयूबाई आठल्ये यांस सा. न. वि. वि. आपल्या उमाबाईसाहेब अजून दारातच उभ्या आहेत. दोन वैशाख झाले. ऊन फार आहे. नरसिंह जयंतीच्या उत्सवात मी आपलं आख्यान लावतो. गाव आता ऐकत नाही. या जयंतीला जन्माआधी आख्यान पुरं करीन असा शब्द देऊन बसलो आहे. आपला, दिगंबरबुवा मेढेकर.’

कार्ड वाचून लिमये ताडकन उठले होते. “आख्यान पुरं करीन? अहो, कादंबरी तुमची, शेवट हा सांगणार? आणि एकदा कीर्तनात शेवट ऐकल्यावर लोक खंड कशाला उघडतील? उठा बाई, जा आणि थांबवा त्याला.”

म्हणून मी आले होते.

बुवा ओवरीत पाट टाकून बसले होते. पन्नाशी उलटलेले, काठीसारखे सरळ, उंच. गुडघ्यावर पगडी, तोंडात वेलदोडा. शेजारी एकजण हातोडीनं तबला चढवत होता. मी नाव सांगितलं. बुवा उभे राहिले, हात जोडले, आणि माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले, “आणलात?”

“काय?”

“पाचवा खंड.”

माझा राग त्या दोन शब्दांनी अर्धा झाला, तरी मी जोर धरला. “बुवा, दुसऱ्याची गोष्ट परवानगीशिवाय सांगायची ही कुठली पद्धत?”

“परवानगी विचारली होती. पहिल्याच कार्डात. उत्तर नाही आलं. म्हटलं, मौन म्हणजे संमती.”

“मौन म्हणजे मी कार्ड वाचलं नव्हतं!”

“मग आता वाचलंय ना?” बुवा हसले. “आता सांगा, बाईसाहेब आत कशा जातात? मी कुणाला बोलणार नाही. म्हणजे, तीनशे माणसांना सोडून कुणाला नाही.”

तबल्यावरची हातोडी थांबली.

“ठाऊक नाही मला,” मी म्हटलं.

हे वाक्य मी तोवर लिमयांपाशी बोलले नव्हते, घरात बोलले नव्हते. त्या परक्या माणसापाशी ते तोंडातून निघून गेलं. बुवा हळूच पाटावर बसले.

“म्हणजे तुम्हालाही…” त्यांनी पगडीवरचा पदर उगाच सारखा केला. “बाई, आमचे गुरू सांगायचे, आख्यानातल्या माणसाला संकटात टाकून नारदाच्या गादीवरून उतरायचं नाही. द्रौपदीला सभेत तशीच उभी ठेवून आरती म्हणता येत नाही. वस्त्र पुरलं पाहिजे, मग आरती. मला वाटलं, चौथा खंड आलाय तसा पाचवाही येईल, म्हणून बाईसाहेबांना दारात आणून सोडलं. फसलो. दोन वर्षं त्यांना बाहेर उभं करून मी आरती म्हणतोय. तेव्हापासून कीर्तनात गळ्यात हार घेतलेला नाही.”

“मग आज दुसरं काही लावा. प्रल्हादाचंच लावा, जयंती आहे.”

“पंच तेच म्हणत होते. जन्माच्या दिवशी भलतं आख्यान नको. गावातल्या बायका म्हणाल्या, आधी बाईसाहेब आत, मग देव. तुम्हाला थांबवायचं असेल तर उठून त्यांना सांगा. माझी छाती नाही.”

“पण शेवट माहीत नसताना उभं राहून तुम्ही सांगणार काय?”

बुवांनी पगडी डोक्यावर ठेवली. “तुम्ही आलात, वाटलं, सुटलो. नाही सुटलो.” त्यांनी गाभाऱ्याकडे बोट केलं. “आता गादीवर उभा राहतो. तो काय बोलवतो, बघू.”

मी मंडपात परतले तोवर बसायला जागा उरली नव्हती. बायकांची बाजू दारापर्यंत भरलेली. खांबाजवळच्या म्हातारीनं चपला हातानं सरकवल्या, स्वतः अंग चोरलं. “बसा हितं. झालं भांडून?”

“नाही जमलं.”

“बरं झालं. सनाच्या दिवशी भांडू ने.”

पेटीनं सूर धरला आणि नामाचा गजर सुरू झाला. वडिलांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकतच मी मोठी झाले. झांजेचा पहिला ठोका पडला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी मात्र तो काटा भीतीचा होता. समोरचा माणूस माझ्या बाईसाहेबांना तीनशे लोकांदेखत दारात आणून उभं करणार, आणि पुढं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं, मलाही.

पूर्वरंगात, म्हणजे गोष्टीआधीच्या निरूपणात, बुवांनी त्या दिवसाचीच कथा घेतली.

“हिरण्यकशिपूनं वर कसा मागितला बघा. घरात मरण नको, घराबाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको. एकेक दार लावत गेला. म्हणाला, आता ये म्हणावं देवाला! देव काय करतो? भिंत पाडत नाही. लावलेलं दार फोडत नाही. त्यानंच जे उघडं ठेवलं होतं तिथं जाऊन बसतो. घर नाही, बाहेर नाही, मग काय? उंबरा! दिवस नाही, रात्र नाही, मग काय? ही तिन्हीसांज! बाबांनो, रीत घालणाराच रीतीत फट ठेवतो. त्याला ती दिसत नाही, एवढंच.”

मी ऐकलं आणि मान डोलावली. इतकंच. आपल्यालाच कुणीतरी सांगतंय, हे डोक्यात शिरलं नाही.

मध्यंतरात बुक्का फिरला. गावोगावची रीत असते, तशी इथंही मानाप्रमाणे. आधी पाटलीणबाई, मग पंचांच्या घरच्या, मग बाकीच्या. दाराशी आमच्यापर्यंत ताटली आली तेव्हा तळाला चिमूटभर उरला होता.

“तळाचा बुक्का वासाला जास्ती,” म्हातारी म्हणाली आणि कपाळावर बोट ओढलं.

“तुम्ही इथल्याच का हो आजी?”

“हितलीच. सुईन हाय मी. ह्या मांडवातली निम्मी डोसकी आदी माज्या हातात आल्याती.” तिनं हनुवटीनं पुढं दाखवलं. “ती पाटलीनबाई? पायाळू व्हती. लई तरास दिला बयेनं.”

मला हसू आलं. तेवढ्यात पंचांपैकी एकजण हार घेऊन बुवांपुढं गेले. बुवांनी हाराला हात लावून नमस्कार केला आणि तो गळ्यात न घालता बाजूला चौरंगावर ठेवला. मंडपात कुणाला नवल वाटलं नाही. बुवांची ती रीत आता त्यांना ठाऊक होती.

मग उत्तररंग लागला, आख्यान.

चार खंड मी सात वर्षं लिहिले. बुवांनी ते तासाभरात उभे केले, आणि ते मी लिहिलेल्यापेक्षा खरे होते. उमाबाईसाहेबांच्या बाळंतपणाचं त्यांनी सांगितलं. ऐन नवरात्रात तीन दिवस अडलेली बाई, हात टेकलेले राजवैद्य, आणि शेवटी तबेल्याकडच्या वाटेनं चोरून आत घेतलेली एक सुईण. तिनं वारस वाचवला, आई वाचवली. अष्टमीला जन्म, आणि बाराव्या दिवसानंतर राजवाड्यातलं वर्षाचं मोठं हळदीकुंकू.

“आता मान कुणाचा, हे चांदवणात कागदावर लिहिलेलं नव्हतं बरं का,” बुवा म्हणाले. “वर्षाचं पहिलं कुंकू जिच्या कपाळाला लागलं, पुढचं पहिलं कुंकू लागेपर्यंत मान तिचा. दरसाल ते आईसाहेबांना लागे, म्हणून दरसाल मान आईसाहेबांचा. त्या दिवशी काय झालं? चांदीची कोयरी हातात घेऊन उमाबाई उठल्या. आईसाहेबांनी कपाळ पुढं केलं. बाई त्यांच्यावरून पुढं गेल्या. चाळीस जहागीरदारणी बसल्या होत्या, त्यांच्यावरून पुढं गेल्या. दिंडीदरवाजाशी, खालमानेनं, आपल्या सुपलीतले तांदूळ घेऊन निघालेली ती सुईण. बाईंनी तिला थांबवलं. आणि पहिलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं.”

बायकांच्या बाजूनं एक लांब हुंकार आला. दोन वर्षं ऐकलेलीच गोष्ट, तरी.

“आईसाहेब ताठ उठल्या. ‘आजपासून या राजवाड्यात हळदीकुंकू बंद. आणि या बाईंना बाहेरची वाट दाखवा.’ पाळण्यातलं लेकरू पाळण्यात राहिलं. बाई गेल्या. बारा वर्षं, मंडळी!”

देऊळ पश्चिममुखी होतं. मावळतीचं ऊन दारातून आत येऊन मंडपाच्या फरशीवर लांब पसरलं होतं. ते गाभाऱ्याच्या पायऱ्या चढून देवाच्या पायांना लागलं की जन्म, अशी तिथली वेळ. आता ते पहिल्या पायरीवर होतं.

“आणि बाईसाहेब आल्या. सासू अंथरुणाला खिळली असं ऐकलं आणि राहवलं नाही. दार उघडं आहे. आत चाळीस बायका आहेत. आईसाहेबांचे डोळे दाराकडे आहेत, ओठ हलतात, शब्द फुटत नाही. दुसरी कुणी बोलायला धजत नाही. बाईसाहेब उंबऱ्याबाहेर उभ्या आहेत.”

झांज थांबली. पेटी थांबली. बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“इथं पुस्तक संपलं, मंडळी. पुढचं मला येत नाही. दोन वर्षं मला वाटत होतं, कुठंतरी ते लिहिलेलं असेल. नाही लिहिलेलं. आता तुम्हीच सांगा. बाईसाहेब आत कशा येतात?”

माना एकमेकांकडे वळल्या. मग एकदम कालवा.

“हुकूम आणा सरकारचा!” पाटील म्हणाले.

“हुकमानं दार उघडतं, पाटील. ते तर उघडंच आहे. ‘या’ हुकमानं येत नाही.”

“लेक म्हनंल की, बारा वर्साचा झालाय!” एक बाई.

“लेकाला बायकांत मान नाही, मावशी.”

“मग देवा नरसिंहा, त्या म्हातारीला वाचा दे!”

“देवाला कामाला लावणं सोपं,” बुवा म्हणाले, पण आवाज खाली गेला होता. “पण दोन वर्षं थांबून, तेवढ्यावर भागवायचं का?”

ऊन दुसऱ्या पायरीवर चढलं. मी बुवांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

“पयलं कुकू कुनाला लावलं?”

आवाज माझ्या कानाशीच आला. म्हातारी स्वतःशी बोलावं तसं बोलली होती.

“आजी, मोठ्यानं,” बुवा म्हणाले.

“म्हनलं, पयलं कुकू कुनाला लावलं?”

“सुइणीला.”

“आनि त्येच्या मागनं?”

“मागून कुणालाच नाही. हळदीकुंकूच बंद झालं ना त्या दिवशी.”

“बारा वर्सं?”

“बारा वर्षं.”

“मंग मान कुनाचा?” म्हातारीनं विचारलं. “आईसायेबांचा कसा? त्यांच्या कपाळाला तवापास्नं पयलं कुकू लागलंच न्हाई. मान सुईनीचा. आजबी तिचाच. तिनं म्हनायचं ‘या’. ती काय तोंड शिवून बसलीया?”

बुवांचा हात झांजेसकट तसाच वर राहिला होता. हा शेवट मी कितीतरी वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता. पहिल्या खंडात, माझ्याच हातानं. आईसाहेबांनी रागानं हळदीकुंकू बंद केलं आणि तोच मान कायमचा दिंडीदरवाजाशी ठेवून दिला. राजवाड्यातल्या एकीलाही ते दिसलं नाही. मलाही नाही.

“ती हाय कुटं पर आता?” म्हातारीनं बुवांना विचारलं.

कीर्तन सुरू झाल्यापासून बुवांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. मी उठले.

“ती… तिथंच आहे. राजवाड्यात. तबेल्याशेजारच्या खोलीत. बाळाला न्हाऊ घालायला तिला ठेवून घेतलं होतं,” मी म्हटलं. “त्या दिवसानंतर मी तिच्याविषयी एक ओळ लिहिली नाही. मी तिला विसरले होते.”

“नाव काय तिचं?” बुवांनी विचारलं.

चाळीस जहागीरदारणींची नावं मी त्यांच्या माहेरांसकट सांगू शकले असते. घोड्यांना नावं होती माझ्या पुस्तकात.

“नाव ठेवलं नाही मी तिला.”

म्हातारीनं मान वर करून मला न्याहाळलं. ही बाई कोण, कशाला भांडायला आली होती, ते तिच्या आता ध्यानात आलं असावं. मला वाटलं, रागावेल. ती बोळकं पसरून हसली.

“मंग ठेवा की माजंच. तान्हूबाई. नुसतं पडूनच हाय. समदी आजीच म्हनत्यात.”

मंडप हसला. हसता हसता किती बायकांनी डोळ्यांना पदर लावले, ते मी बघितलं.

“तान्हूबाई,” बुवा म्हणाले. “बाईसाहेब दारात आहेत.”

तान्हूबाई खांबाला धरून उठली. कमरेत वाकलेली, डोक्यावर पदर नीट घेतला, आणि दाराकडे तोंड केलं. बाहेर नुसतं सोन्यासारखं ऊन होतं, नदीपर्यंत. कुणी नव्हतं. तरी माझ्यासकट सगळं देऊळ तिकडे वळून बघत होतं.

“या, बाईसायेब,” ती म्हणाली. “आत या. लई येळ उभ्या ऱ्हायलाय.”

आणि मग जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. बायका सरकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. दारापासून पाटलीणबाईंपर्यंत, एकीमागून एक, गुडघे आवळून, लुगडी सावरून बायका सरकत गेल्या. गर्दीतून वाट पडली, आणि अगदी पुढं, जाजमावर, एका बाईला मांडी घालून बसता येईल एवढी जागा रिकामी झाली. पाटलीणबाईंनी त्या जागेवरची सुरकुती हातानं साफ केली.

ऊन तिसऱ्या पायरीवर होतं.

“हार आणा,” बुवा म्हणाले. मघाचे ते पंच लगबगीनं चौरंगाकडे गेले. “तुमच्या हातून नको, अण्णा. ज्यांनी आख्यान पुरं केलं त्यांच्या हातून.”

तान्हूबाई त्याच वाटेनं पुढं गेली. हार तिच्या हातात दिला, पण बुवा हे असे उंच, आणि ती वाकलेली.

“माजा हात न्हाई पोचायचा, लेकरा.”

नारदाच्या गादीवर उभा असलेला माणूस कुणापुढं वाकत नाही. राजा आला तरी राजानं वाकायचं, हे मी वडिलांकडून ऐकत आले होते. बुवा गुडघ्यांवर बसले. पगडी तिच्या पोटाशी लागेल इतके वाकले. तिनं हार घातला, आणि सवयीनं, नुकत्या जन्मलेल्या पोराचं चाचपावं तसं, त्यांचं डोकं दोन्ही तळहातांत धरून बघितलं.

त्याच क्षणी ऊन देवाच्या पायांना लागलं. घंटा, शंख, चौघडा, सगळं एकदम. फुलं उडाली, गुलाल उडाला. पाळण्याचं पद म्हणताना बायकांचे आवाज छताला लागले. आरती होईपर्यंत त्या रिकाम्या जागेवर कुणी बसलं नाही. चेंगराचेंगरीतसुद्धा कुणाचा पाय पडला नाही. गुलाल मात्र तिथं भरपूर पडला होता.

शेवटचा खंड मी अकरा दिवसांत लिहिला. लिमयांनी माझ्यासमोरच वाचला, चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाले, “हत्ती नसला तरी चालेल.” प्रकाशनाला एका बड्या संस्थानिकांना बोलवायचं, पहिली प्रत त्यांच्या हाती द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, पहिली प्रत कुणाची ते ठरलेलं आहे.

ती घेऊन मी आंबेघाटला गेले तेव्हा मार्गशीर्ष होता, पण दुपारचं ऊन चटकत होतं. देऊळ रिकामं. तान्हूबाई तिच्या खांबाशी शेंगा निवडत बसली होती. तिनं पुस्तक हातात घेऊन वजन केलं, उलटं करून बघितलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. “मला कुटं वाचाया येतं? तुमीच वाचा. बाईसायेब येत्यात तितनं.”

मी वाचू लागले. माझी तान्हूबाई तबेल्याशेजारच्या खोलीतून उठली. चाळीस जणींच्या मधून चालत गेली. आईसाहेबांच्या पलंगाशी थांबली, आणि आईसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली. ती उंबऱ्याशी आली. खरी तान्हूबाई डोळे मिटून ऐकत होती, हातातली शेंग तशीच.

मी शेवटच्या ओळीशी आले. ती मला वाचावी लागली नाही. दाराशी कुणाची तरी सावली पडली. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, अशी एक वाटसरू बाई आत यावं की नाही अशा विचारात उभी होती. तान्हूबाईनं डोळे उघडले, चपला हातानं बाजूला केल्या, आणि अंग चोरून माझ्याकडे सरकली.

“या की आत,” ती म्हणाली. “उनात काय उभ्या?”